बराकपूरचं सार्वमत

हावड्याला उतरलो तेव्हा परतीची दोन तिकिटं खिशात होती, एक माझं आणि एक ताईचं. भावोजी गेल्यावर बराकपूरला ताई एकटी पडली, म्हणून आम्ही तिघा भावांनी फोनवरच ठरवून टाकलं होतं: चार महिने नाशिकला माझ्याकडे, चार पुण्याला दादाकडे, चार नागपूरला धाकट्याकडे. मी निवृत्त, त्यात इतिहासाचा मास्तर, म्हणजे तोंडाचा पट्टा तयार! तेव्हा तिला घेऊन यायची कामगिरी माझ्या गळ्यात पडली.

पण चित्त काही थाऱ्यावर नव्हतं. ताई आली नाही तर? बराकपूरची लोकल धरायला सियालदह स्टेशनावर गेलो, तिथल्या लोंढ्यात समोर दिसला त्या डब्यात चढलो, तर एक बाई डोळे वटारून म्हणाल्या, "दादा, एटा लेडीज!" (हा बायकांचा डबा.) पुढच्या स्टेशनावर मुकाट्याने उतरलो. म्हटलं, मास्तर, जरा दमानं घ्या.

बराकपूर मात्र निवांत. छावणीचे रुंद रस्ते, जुनी झाडं, पलीकडे गंगा. ताईनं लुची (मैद्याच्या पुऱ्या) आणि बटाट्याचा रस्सा केला होता, रश्श्यात गोडा मसाला! शेजारच्या बौदी (वहिनी) हक्कानं पानावर बसल्या होत्या.

विषय कसा काढावा, या चुळबुळीत मी तीनदा बाल्कनीत जाऊन आलो. शेवटी वळसा घेतला तो थेट पॅरिसवरून.

"पहिल्या महायुद्धानंतर जेत्यांनी पॅरिसला बसून युरोपचा नकाशा नव्यानं आखला," मी हिंदीत सुरू केलं, बौदींनाही कळावं म्हणून. "साम्राज्यं मोडली. का? तर एक भाषा, एक लोक, एक राष्ट्र! म्हणून म्हणतो ताई, माणसानं शेवटी आपल्या भाषेच्या मुलखात असावं."

"आणि रेषेच्या भलत्या बाजूला राहिले, त्यांचं काय झालं?" ताईनं विचारलं.

"हाल झाले," मी पुटपुटलो. कितीतरी हंगेरियन, जर्मन बसल्या जागी परक्या देशात गेले. त्या धुसफुसीला फुंकर घालूनच पुढे दुसरं युद्ध पेटवलं गेलं, हे मीच जन्मभर शिकवलं होतं.

बौदी म्हणाल्या, "आमचं मूळ घर खुलन्याला, आताच्या बांगलादेशात. सासूबाई सांगायच्या, स्वातंत्र्याच्या दिवशी गावात भारताचा झेंडा लागला. दोन दिवसांनी कळलं, आपण पाकिस्तानात. विचारायला कुणी आलं नव्हतं."

ताईनं माझ्या पानात आणखी एक लुची वाढली.

"युरोपात कुणालाच विचारलं नाही का रे?"

"विचारलं की काही ठिकाणी. डेन्मार्क-जर्मनीच्या सीमेवर लोकांचं सार्वमत घेतलं."

"त्या सीमेचं काय झालं?"

"अजून तिथेच आहे."

"मग माझंही मत घे." ताईचा आवाज चढला. "चाळीस वर्षं झाली मला इथे. चार-चार महिने म्हणे! मी काय बांधावरचं आंब्याचं झाड आहे, तिघांनी आळीपाळीनं फळं खायला? एकानं तरी विचारलं, ताई, तुला काय हवंय?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"काय हवंय तुला?"

"इथेच राहायचंय."

परतीच्या गाडीत बसतो तोच दादाचा फोन. "ताईला दे."

"ताई नाही आली. तिचा बर्थ रिकामा आहे."

"अरे, तुला पाठवलं कशाला होतं?" दादा कडाडला.

"मी तिला विचारलं, दादा," एवढंच म्हणालो. पॅरिसच्या तहाला कोण कोण बसलं होतं, हा प्रश्न मी दर वर्षी पेपरात घालायचो. कुणाला बोलावलं नव्हतं, ते विचारायचं कधी सुचलंच नाही. त्या रिकाम्या बर्थकडे बघवेना.

गाडी हलली आणि ताईचा फोन आला.

"डबा पोटभर खा. आणि त्या दोघांना सांग, दर वर्षी चार-चार दिवस तिघांनी आळीपाळीनं माझ्याकडे यायचं. मी ठरवलंय. तुम्हाला विचारत बसणार नाही!"