उधाणांवर मोजलेला ताप
बोंबील सुकत घातल्याचा वास आला की मला आमची सातपाटीची मासळीवाली आठवते, आणि पालघरच्या दवाखान्यातली ती सकाळ. तिच्या लेकीला आईबापांच्या रक्तातून आलेला ताप होता. दर काही आठवड्यांनी चढायचा, पोट धरून लोळवायचा आणि असाच येत राहिला तर मूत्रपिंडं निकामी करणार होता. त्यावर जन्मभराची गोळी सुरू झाली, तरी ताप परतला, म्हणून डॉक्टर गोळी सोडून महागड्या इंजेक्शनांकडे वळायच्या बेतात होते. "तापाची नोंद ठेवलीय?" त्यांनी विचारलं. शिकलेला माणूस म्हणून मिरवत सोबत गेलेला मी पंखा न्याहाळू लागलो. ती मात्र पदर खोचून सुरू झाली, "लिवलं नाय, सांगते. नारली पुनवंला गोली चालू केली. तीन उधानं, म्हंजे दीड म्हयना, कायच नाय. मंग जुलाब लागले, मी गोली अर्दी केली. लगेच एकादशीला ताप, म्हागाची घोल मासली आलेली तवा. पुरी दिली, ताप गेला. परत जुलाब, परत अर्दी, अमावसेला ताप. तवा सुरमई." डॉक्टरांनी भिंतीवरचं कॅलेंडर उतरवलं, मागची पानं उलटत खुणा केल्या आणि थबकले. प्रत्येक ताप अर्ध्या गोळीच्या दिवसांतला! गोळी हरलीच नव्हती; इंजेक्शनं नकोत, आता पुरी गोळीच, फक्त पोटाला सोसावी म्हणून सकाळ-संध्याकाळ अर्धी-अर्धी वाटून द्यायची होती. "ताई, एवढं लक्षात कसं राहतं?" "पोर तापली का मी बाजारात जात नाय, दाक्तर. न इकलेली घोल कोन इसरंल?" डॉक्टरांनी कॅलेंडरची ती पानं फाडून फाइलला टाचली. मुलगी आता बोईसरला नोकरी करते. तिच्या फाइलीत सगळ्यात वर अजून तीच पानं आहेत.