ऋणनिर्देशातला दुसरा रकाना

बारामतीच्या कॉलेजात बायोटेक्नॉलॉजीच्या शेवटच्या वर्षाला असताना आम्ही पाच जणांनी गाईशिवाय दूध करायला घेतलं. खरं सांगायचं तर दूध नव्हे, दुधातलं एक प्रथिन. ते कसं बनवायचं याची कृती गाईच्या पेशीत लिहिलेली असते. ती कृती उचलून यीस्टच्या पेशीत घातली की यीस्ट ते प्रथिन बनवू लागतं. पाव फुगवणारं यीस्ट, तेच. परदेशातल्या एका विद्यार्थी स्पर्धेसाठी आमचा हा उद्योग चालला होता.

कामं वाटली गेली तेव्हा माझ्याकडे ऋणनिर्देश आला. शाळेत निबंधस्पर्धेत माझा पहिला नंबर आला होता, हे मी उगाच एकदा बोलून गेले होते.

स्पर्धेचा नियम असा होता की ऋणनिर्देशात दोन रकाने हवेत. पहिल्यात माणसाचं नाव, दुसऱ्यात त्याने नेमकं काय केलं ते. नुसतं ‘मनःपूर्वक आभार’ चालणार नव्हतं. हा नियम करणारा माणूस आपल्याकडच्या एखाद्या सत्कार समारंभात तीन तास बसून गेला असावा, अशी मला शंका आली.

माझ्या पहिल्या यादीत तीनच माणसं होती. आमचे मार्गदर्शक सर, लॅबमधल्या मावशी आणि माझे थोरले चुलते, आबा.

आबा कन्हेरीत दूध संकलन केंद्र चालवतात. तपासणीसाठी ताजं दूध आम्हाला त्यांच्याकडूनच मिळायचं. आमचा प्रकल्प मी त्यांना समजावून सांगितला तेव्हा ते कॅनचं झाकण लावत होते.

“म्हंजी गाय न्हाय आन दूध हाय,” ते म्हणाले.

“व्हय.”

“आन त्यासाठी गाईचं दूध पायजे.”

“ताडून बघायला लागतं, आबा.”

“ने मग,” ते म्हणाले. “रोज ने.”

पुढे कधीतरी मी त्यांना दाखवायला आमच्या प्रथिनाची छोटी नळी घरी नेली. आबांनी ती उजेडात धरली, हलवली आणि म्हणाले, “ह्याला डिग्री लागायची न्हाय.” दुधातलं पाणी पकडणाऱ्या लॅक्टोमीटरवर जो आकडा येतो त्याला केंद्रावर डिग्री म्हणतात. माझ्या आईला वाटलं ते माझ्या शिक्षणाबद्दलच बोलतायत. ती दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही.

तर ही तीन नावांची यादी घेऊन मी प्राचार्यांकडे गेले. त्यांनी कागद उलटून मागेही पाहिलं.

“एवढं मोठं काम तीन माणसांत होतं का?” त्यांनी विचारलं. मग पेनचं टोपण काढलं. “ऋणनिर्देश नेहमी वरून सुरू करायचा.”

त्यांनी वरून सुरू केलं. संस्थेचे अध्यक्ष, उपाध्यक्ष, सचिव, सहसचिव, संचालक मंडळ असं करत अकरा जण झाले. तिघांना ‘शिक्षणमहर्षी’ लागलं, बाकीच्यांना ‘द्रष्टे’. सरांचं नाव कसंबसं बाराव्या जागी बसलं. मावशी आणि आबा ‘ज्ञात-अज्ञात सहकारी’ या शब्दांत मावले.

“सर, दुसऱ्या रकान्यात काय लिहू?” मी विचारलं.

“प्रेरणा दिली.”

“अकराही जणांनी?”

“काहींना मार्गदर्शन लिही. आलटून पालटून.”

आता या अकरा जणांनी काहीच केलं नव्हतं असं म्हणणं अन्यायाचं होईल. ते एकदा लॅबमध्ये आले होते.

आले होते शेकरच्या उद्घाटनाला. शेकर म्हणजे यीस्टच्या बाटल्या सतत हलवत ठेवणारं यंत्र. ते चार महिने चालूच होतं. उद्घाटन करता यावं म्हणून सकाळी ते बंद केलं. यीस्ट उबेत ठेवणाऱ्या इन्क्युबेटरला झेंडूचा हार घातला, उदबत्त्या लावल्या, ओट्याच्या कोपऱ्यावर नारळ फोडला. मग अध्यक्षांनी बटण दाबलं आणि बंद केलेलं यंत्र सुरू झालं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

अध्यक्षांना दूध बघायचं होतं. दूध असं काही नव्हतं. ज्या चपट्या प्लेटींवर आम्ही यीस्ट वाढवलं होतं, त्यातली एक कुणीतरी पुढे केली. अध्यक्षांनी झाकण काढलं, नाक खाली नेलं आणि हुंगलं. ते हुंगताहेत म्हटल्यावर उपाध्यक्षांनीही एक उघडली. पाच मिनिटांत आमच्या सगळ्या प्लेटी हातोहात फिरल्या आणि अकरा जणांनी मन लावून हुंगल्या. सर भिंतीला टेकून उभे होते. त्यांनी डोळे मिटले होते. पाहणाऱ्यांना ती प्रार्थना वाटली असेल.

तिसऱ्या दिवशी प्लेटींवर हिरवी बुरशी आली. त्या प्लेटींवरचं यीस्ट घातलेल्या बाटल्यांना आंबूस घाण वास यायला लागला. चार महिन्यांचं काम गेलं. सर चहाला म्हणून बाहेर गेले ते दोन तासांनी परत आले. आमच्यातली एक मैत्रीण रडायला लागली आणि मी तिला समजावता समजावता स्वतःच रडले.

मावशी काचेची भांडी विसळत होत्या. त्या रोज इंदापूरहून पहिल्या एसटीने यायच्या. हात पुसून त्या मागच्या खोलीत गेल्या आणि तिथल्या जुन्या फ्रीजमधून कागदात गुंडाळलेल्या दोन प्लेटी घेऊन आल्या. स्वच्छ.

“ह्या कुठनं आणल्या?” मी विचारलं.

“पाव्हणं येनार म्हनल्यावर चांगली भांडी आत ठेवायची असत्यात,” मावशी म्हणाल्या. “सांगायला कशाला पायजे कुणी?”

त्या दोन प्लेटींपासून आम्ही पुन्हा सुरुवात केली.

त्यामुळे त्या अकरा नावांपुढे मी खूप विचार करून लिहिलं, ‘यांच्या भेटीमुळे संपूर्ण प्रयोग पहिल्यापासून करण्याची संधी मिळाली.’ मावशींना ‘अज्ञात’मधून बाहेर काढलं आणि त्यांच्यापुढे लिहिलं, ‘प्रकल्प वाचवला.’

प्राचार्यांनी पहिलं वाक्य दोनदा वाचलं. “वा,” ते म्हणाले, “भाषेवर हुकूमत आहे तुझी.” मावशींपुढचं वाक्य मात्र त्यांनी खोडलं. प्रकल्प वाचवला म्हटलं की त्याला काही झालं होतं असं वाटतं, म्हणाले. तिथे त्यांनी ‘स्वच्छता’ लिहिलं.

पान इंग्रजीत करून पाठवलं. महिन्याभराने परीक्षकांनी ऑनलाइन मुलाखत घेतली. प्रथिनाचे प्रश्न संपल्यावर एका परीक्षक बाईंनी चष्मा लावून विचारलं, या अकरा जणांनी दिलेली ही संधी म्हणजे नेमकं काय?

मी सरांकडे पाहिलं. सरांनी कितीतरी दिवसांत तो विषय काढला नव्हता. त्यांनी घसा साफ केला आणि सगळं सांगितलं. हार, नारळ, हुंगणं, बुरशी, जुना फ्रीज. आवाज न चढवता, क्रमाने, प्रयोगाची कृती सांगावी तसं. बाईंनी विचारलं, त्या मावशींशी बोलता येईल का? सर उठून मावशींना घेऊन आले. त्यांचे हात ओलेच होते.

“काय म्हनत्यात?” त्यांनी मला हळूच विचारलं.

“प्लेटी आत का ठेवल्या, असं विचारतायत.”

मावशींनी पाहुण्यांचं आणि भांड्यांचं तेच पुन्हा सांगितलं. मी भाषांतर केलं. बाई खळखळून हसल्या आणि म्हणाल्या, आमच्याकडेही असंच करतात.

आम्हाला तिसऱ्या श्रेणीचं पदक मिळालं. कॉलेजच्या सभागृहात सत्कार झाला. अकरा जणांना शाली, आम्हाला गुलाबाचं एकेक फूल. मावशी पेढे वाटत होत्या. आभार मानायला मला बोलावलं. आज यादी खालून वाचायची, असं मी सकाळपासून ठरवलं होतं. माइकसमोर उभी राहिले, पहिल्या रांगेकडे पाहिलं आणि वरून वाचली. ‘स्वच्छता’पर्यंत पोचेतो अर्ध्या लोकांनी पेढे संपवून हात पुसले होते. त्या दिवशी मला स्वतःची फार लाज वाटली.

पुढच्या रविवारी मी इंदापूरला मावशींच्या घरी गेले. नवं पान लिहून नेलं होतं, फक्त त्यांच्याबद्दलचं. बाहेरच्या खोलीत बाबासाहेबांच्या फोटोखाली त्यांचे सासरे पेपर वाचत बसले होते. निवृत्त शिक्षक. मी जयभीम केला, त्यांनी पान मागून घेतलं आणि मोठ्याने वाचलं. मध्येच थांबून दोन ठिकाणी माझं शुद्धलेखन सुधारलं. शेवटी म्हणाले, “बरं लिहिलंय. पण ‘अमूल्य’ काढ. त्याने काही कळत नाही.”

मावशी दाराशी उभ्या राहून ऐकत होत्या.

“त्यात एक खोटं हाय,” त्या म्हणाल्या.

“काय?”

“दोन न्हाय, तीन प्लेटी ठेवल्या व्हत्या मी. एक माझ्या हातनं पडली. झाकान निघालं, म्हनून टाकून दिली. कुणाला बोलले न्हाय.”

“असू दे की, मावशी.”

“असू दे कसं? काय केलं त्ये लिवायचंय ना? मग त्ये बी लिव.”

सासऱ्यांनी खिशातलं पेन काढून माझ्यापुढे धरलं. मी लिहिलं.