पायाचे फोटो

बोलणारा फोन तांदळाच्या डब्यात कोंडलेला मी पाहिला, त्या दिवसापासून आमच्या व्हरांड्यातला उद्योग सुरू झाला. आलापल्लीतलंच एक म्हातारं जोडपं होतं. दोघांनी मिळून डबा आणला, पायरीवर ठेवला आणि चार पावलं मागं सरकून उभे राहिले. फोनवर कुठंही बोट ठेवलं की आतली बाई ठणठणीत आवाजात ते वाचून दाखवायची, पण उघडत काहीच नव्हतं. "आठ दिवस झाले, आमच्या घरात बोलून राह्यली," म्हातारे म्हणाले. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी फोनमध्ये असते ती सोय चुकून चालू झाली होती. मी ती बंद केली, तेव्हा म्हातारीनं डब्यात वाकून विचारलं, "गेली का ते?"

मी हसून हसून बेजार झाले. पण हसण्यापेक्षा धक्काच जास्त होता. माणसं फोनसोबत काय काय सोसतात, आणि कोणाला विचारत नाहीत! एकीच्या फोनमधली अक्षरं इतकी मोठी झाली होती की पडद्यावर चारच मावत. ती महिनाभर तशीच निभावत होती. एका मास्तरांच्या फोनचा दिवा विझत नव्हता, तर ते खिशात उजेड घेऊन वर्गात हिंडत होते. फोन दुकानात नेला की दुकानदार चारचौघांत हसतो म्हणून लोक माझ्याकडे यायचे. रविवारी सकाळी व्हरांडा भरायचा. मी हसायचे नाही असं नाही, पण चहा पाजून हसायचे.

आता माझ्याबद्दल सांगते, कारण पुढं जे झालं ते माझ्या स्वभावामुळेच झालं. माझी सगळी नोकरी ऊर्जानगरला, वीज केंद्राच्या स्टोअरमध्ये. तिथं माझी ख्याती एकाच गोष्टीची होती. यादीत नाही ती वस्तू मी कपाटात राहू देत नसे. गंजलेला नट असो की कोणाचा जुना डबा, भंगारात. साहेब लोकसुद्धा माझ्या टेबलावर काही ठेवून जायला भ्यायचे. आमचे हे वनखात्यातले, आलापल्लीतच निवृत्त झाले आणि घरही इथंच बांधलं, म्हणून मी इकडं आले. येताना स्वभाव ऊर्जानगरला ठेवून आले नाही.

मोहफुलांचा हंगाम सरून पाऊस लागून गेला होता, तेव्हाची गोष्ट. माझ्याच वयाची एक बाई आली. तिचं गाव जंगलात, बसनं तासभर आणि मग पायी. हिवाळ्यात एकदा येऊन गेली होती, तेव्हा तिचा नेटपॅक दोन दिवसांत संपायचा. मी तपासून फोटोंची नेटवर आपोआप होणारी साठवण बंद करून दिली होती. ती खूश झाली होती, पुढच्या खेपेला चारं, म्हणजे चारोळीची फळं, आणून दिली होती.

"जोहार बाई."

"जय भीम, बसा. आता काय झालं?"

"अडकून राह्यला. काईच उघडत नाई. भरला म्हन्ते."

"ठेवा इथी. पाह्यते."

"मी बाजार करून येतो तं," म्हणाली आणि पिशवी घेऊन गेली.

मी फोटो उघडले आणि कपाळावर हात मारला. तीनशेच्या वर फोटो नुसते जमिनीचे! काळी जमीन, राख, वाळका पाला, झाडाच्या बुंध्याचा वीतभर तुकडा, टोपलीची कड. झाड म्हणून एकात दिसेना. आणि जवळजवळ प्रत्येक फोटोत खालच्या कोपऱ्यात पाय. एकच पाय, घोट्यावर हिरवं गोंदण. मला वाटलं, फोन हातात धरून चालताना बटण दाबलं जात असणार. असे फोटो मी पुष्कळांच्या फोनमधून काढले होते, खिशाच्या आतले, छताचे, स्वतःच्या हनुवटीचे. ह्यांना हाक मारून दाखवावं असंही मनात आलं होतं. पण हे आंघोळीला गेले होते.

नातवाचे ठेवले, लग्नातले ठेवले, शेळीच्या जुळ्या पिल्लांचे ठेवले. बाकी एकेक खूण करत गेले आणि पुसले. पुसलेलं फोनमध्ये महिनाभर कचऱ्याच्या डब्यात राहतं, तिथून परत मिळतं. तो डबाही रिकामा केला, कारण अर्धवट काम मला आवडत नाही. फोन फुलासारखा हलका झाला. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

ती आली, पाणी प्याली, फोन घेतला. अंगठ्यानं वर केलं, खाली केलं. पुन्हा वर केलं.

"बाई, माझा मोह कुठी गेला?"

"कोणता मोह?"

"माझी झाडं. अकरा झाडं होती याच्यात."

मी म्हणाले, "झाडं नव्हती बाई, कचरा होता, तुमच्या पायाचे फोटो होते." हे वाक्य मी बोलले, ते आजही मला ऐकू येतं.

ती पायरीवर बसली. ओरडली नाही. माझ्याकडे बघून म्हणाली, "तुमी इचारलं काऊन नाई?"

मग तिनं सांगितलं, आणि मी भिंतीला टेकून ऐकत राहिले. तिच्या गावात मोहाची झाडं घराघरांची ठरलेली. जंगल सगळ्यांचं, पण कोणत्या मोहाखाली कोणी वेचायचं ते पिढ्यांपासून चालत आलेलं. तिच्या आईची अकरा झाडं होती. नवरा गेल्यावर ती माहेरी परत आली, तेव्हा आईनं आपली झाडं तिला दिली. आदल्या वर्षी आई वारली. आता धाकटा भाऊ म्हणत होता, लग्न करून गेली तिला इथं झाड कसं? ग्रामसभा सगळ्यांच्या झाडांची यादी करणार होती. यंदा कोणी कोणत्या झाडाखाली वेचलं ते फोनमध्ये दाखवा, असं सभेत ठरलं होतं. म्हणून तिनं अख्खा हंगाम, रोज पहाटे, वेचण्याआधी प्रत्येक झाडाचा एक फोटो काढला होता.

"पन जमिनीचाच काऊन?" मी विचारलं.

"मोह खालीच तं पडते, बाई. वर कोन पाह्यते?"

"आन् पाय?"

"पाय मीच ठेवला मुद्दाम. कोनाचं झाड हाये ते समजाले पायजे ना."

तो पाय म्हणजे तिची सही होती. गोंदणासकट. आणि मी ती तीनशे वेळा पुसली होती.

हे बाहेर आले, तेव्हा फोटोत काय काय होतं ते मी त्यांना सांगितलं. काळी जमीन, राख हे शब्द त्यांच्या कानावर पडले आणि ते जागीच थांबले. "अगं, मोहाखालचा जाळ तो! फुलं दिसावीत म्हणून बायका पाला जाळून जागा साफ करतात. अख्खी नोकरी मी तोच जाळ विझवायला पळालो." मी तीस-बत्तीस वर्षं या माणसाशी संसार केला, उन्हाळ्यात सुटीला घरी आला की त्याच्या कपड्यांना येणारा तो वास धुतला, आणि मला राख ओळखता आली नाही.

दुकानात गेलो. दुकानदार एरवी हसणारा, त्या दिवशी हसला नाही. संगणकाला फोन लावून दुपारपर्यंत बसला. साठवण चालू असती तर कुठंतरी वर सापडले असते, म्हणाला. ती मीच हिवाळ्यात बंद केली होती. शेवटी त्यानं वायर काढली आणि म्हणाला, "बाई, लय साफ केलं तुमी." मला तिथंच जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. नवे फोटो काढावेत तर हंगाम सरला होता. आता त्या झाडांखाली गुडघाभर गवत होतं, आणि गवतात पाय ठेवून काहीच सिद्ध होणार नव्हतं.

"मी येते सभेले," मी म्हणाले. "मी पाह्यले फोटो. मी सांगते."

ती नुसती हो म्हणाली.

गोटुलात, म्हणजे गावाच्या बसायच्या सामाईक घरात, सभा भरली होती. एकीकडे बाया, एकीकडे पुरुष. मी उभी राहून सगळं सांगितलं, माझी चूकसुद्धा. स्टोअरमध्ये इतक्या वर्षांत कोणापुढं चूक कबूल केली नव्हती. फोटोत हिचाच पाय होता, गोंदणासकट, रोजचा, हे मी शपथेवर सांगितलं. कोणी हसलं नाही, हेच मला जड गेलं.

तिचा भाऊ उठला. मला वाटलं होतं, कोणी आडदांड असेल. शांत माणूस निघाला, पायात काटा रुतला म्हणून लंगडत होता. "बाई खोटं बोलत नाई," तो म्हणाला. "पन बाईनं पाय पाह्यला. झाड कुठी पाह्यलं?"

मग सगळी सभा उठून जंगलात गेली. गावाजवळच्या सात झाडांपाशी फार बोलणंच झालं नाही. शेजारच्या झाडांखाली वेचणाऱ्या बायांनी सांगितलं, हो, हीच असते इथं, आमच्या आधी येते. पण उरलेली चार नाल्यापलीकडे होती, आणि तिकडं दुसरं कोणी जात नव्हतं. तिथली साक्ष फक्त फोनकडं होती.

पलीकडच्या पहिल्या झाडाशी सभेतले सगळ्यात म्हातारे गृहस्थ थांबले आणि मला विचारलं, "बाई, याचा फोटो होता का?"

मी खाली पाहिलं. गवत, चिखल, बुंधा. सगळे बुंधे सारखेच. मी एकेक फोटो बघून पुसला होता आणि मला त्यातला एकही आठवत नव्हता. ती माझ्या शेजारी उभी होती. एवढं मोठं नुकसान मी केलं होतं आणि भरपाईला एकच शब्द पुरणार होता.

"होता," मी म्हणाले. "मले पक्कं आठवते. हाच होता."

"मंग त्यात काय दिसे?"

"काळी जमीन. राख. टोपली. पाय."

म्हाताऱ्यांनी काठीनं बुंध्याभोवतीचं गवत बाजूला केलं. खाली पांढरी रेती होती. नाल्याला पूर आला की दरवर्षी तिथं रेती येऊन बसायची. पाला टिकतच नव्हता, मग जाळायचं काय? त्या चार झाडांखाली कधी जाळ लावावाच लागत नव्हता. त्या फोटोंत राख नव्हतीच. रेतीचे फोटो असणार, पांढरे, आणि तेही मी पुसले असणार.

"बाई," म्हातारे हळूच म्हणाले, "तुमी आता बसा." त्यांचा आवाज रागाचा असता तर बरं झालं असतं.

सात झाडं तिच्या नावावर लागली. नाल्यापलीकडची चार भावाच्या नावावर. माझ्या खोट्यामुळं त्या चार झाडांबद्दलचं तिचं बोलणंही खोट्यात गेलं.

परतताना ती माझ्यापुढं चालत होती. मी माफी मागत होते, पुन्हा पुन्हा, मागच्या मागं. नाल्याच्या काठावर ती थांबली. "आठवत नाई मनलं असतं, तं सभेवाले पुढचा मोह पडेपर्यंत थांबले असते," ती म्हणाली. "मी रेतीत पाय ठेवून दाखवली असती." मग चपला हातात घेऊन पाण्यात उतरली.

मी तिथंच उभी राहिले. फोटो पुसले ते न विचारता, आणि खोटं बोलले तेही न विचारता. तिला काय हवं आहे हे मी दोन्ही वेळा स्वतःच ठरवून टाकलं होतं. हे मला त्या काठावर समजलं, आणि इतक्या उशिरा समजलं याचा मला संताप आला, स्वतःचाच.

व्हरांडा मी बंद केला नाही, पण आता आधी विचारते. एकेक फोटो पुढं करून विचारते, हा कशाचा? लोक कंटाळतात. मागच्या रविवारी एकजण म्हणाला, बाई, तुमी तं चौकशीच लावली.

ती यायची थांबली होती. मग यंदाच्या मोहाच्या हंगामात, एके सकाळी, माझ्या फोनवर फोटो आले. तिच्या गावात टेकडीवर चढलं तरच रेंज मिळते, म्हणून सगळे एकदम येतात. काळी जमीन, राख, टोपलीची कड, आणि खालच्या कोपऱ्यात गोंदलेला पाय. मागोमाग तिचा आवाज आला, टेकडी चढून दम लागलेला. "बाई, माह्या फोनात जागा नाई. तुमच्याजवळ राहू द्या. पुसू नोका."

आता रोज येतात. परवा माझा फोनही अडकला, भरला म्हणाला. मी बसले आणि आमच्या निरोप समारंभाचे, नातवाच्या वाढदिवसाचे, माझे स्वतःचे सगळे फोटो काढून टाकले. ह्यांनी विचारलं, काय पुसतेस? मी म्हटलं, कचरा.

सकाळी चहा ठेवला की फोन वाजतो. मी गॅस बारीक करते आणि फोटो मोजते. रोज सातच असतात.