आबांच्या गाडीच्या पिवळ्या काचा

आज दुपारी मी आबांच्या गाडीच्या हेडलाइटच्या काचा घासायला बसले. आबा म्हणजे माझे वडील, वालचंदनगरला आयुष्यभर फिटर होते. वर्षभर त्यांची एकच तक्रार होती, “काचा पिवळ्या पडल्यात, पुढचं काय दिसंना.”

सँडपेपर पाण्यात भिजवून तासभर घासलं, वर पॉलिश मारलं. काचा अगदी नव्यासारख्या झाल्या.

दिवेलागणीला आबांना गाडीत बसवून लाइट लावायला सांगितली. समोरच्या भिंतीवर लख्ख उजेड पडला.

“आता कसं दिसतंय?”

“तसंच हाय.”

मला वाटलं, चेष्टा करतायत. मग ते हळूच म्हणाले, “लाइट चांगली हाय गं. मलाच दिसंना झालंय. डॉक्टरनं मागंच सांगितलं व्हतं, गेलेली नजर परत येत न्हाय.”

याच गाडीतून ते दर चतुर्थीला मोरगावच्या गणपतीला जायचे आणि रोज माझ्या मुलीला क्लासहून आणायचे. मला भयंकर राग आला.

तरी किल्ली मी मागितली नाही. त्यांनीच ती काढून माझ्या हातात दिली आणि विचारलं, “मोरगावला सकाळची एसटी किती वाजता असती?”

तुमच्या घरी ही वेळ आली, तेव्हा तुम्ही काय बोललात?