पहिल्या नंबरचा प्लॉट

चहा आधी पिऊन घ्या. माझ्या गाढवपणाची ही गोष्ट ऐकल्यावर तुम्ही माझ्यासोबत एका ओट्यावर बसाल, याचा मला भरवसा नाही.

गावात माझ्यापेक्षा मोठे मूर्ख नाहीत असं नाही. आहेत. पण त्यांचा मूर्खपणा सरकारी कागदावर सहीनिशी नोंदलेला नाही. माझा आहे! बालाघाटच्या कचेरीत जा, फाईल काढा, वाचा.

झालं असं, की किरनापूरकडून लांजीकडे जाणारी सडक आमच्या गावावरून न्यायचं ठरलं. मोजणीवाले आले, टोपीवाले आले, शेवटी जीपवाला साहेब आला. जीप चिखलात रुतली. ढकलायला कोण? आम्हीच! ज्या सडकेसाठी घर पाडणार, त्या सडकेच्या साहेबाची जीप आम्ही ‘होईसा’ म्हणत बाहेर काढली. तेव्हाच मला कळायला हवं होतं, की आमच्या डोक्यात काहीतरी कमी आहे.

आमचा मोहल्ला नाल्याच्या काठी. बापाचं घर तिथे, आज्याचं तिथे. गावाचं सांडपाणी, मेलेलं ढोर आणि आम्ही, तिघांची जागा एकाच दिशेला. धम्म घेतला तेव्हा आम्ही देव सोडले, ढोर ओढणं सोडलं. नाला मात्र सुटला नाही.

नाल्यावर पूल होणार म्हणून आमच्या मोहल्ल्यातली आठ घरं सडकेत गेली आणि वरच्या गावातली सहा. बदल्यात सरकारने पडीत जमिनीवर चौदा प्लॉट आखले, सगळे एका ओळीत. ओळीचं एक टोक नव्या सडकेला, दुसरं टोक पुन्हा नाल्याला! तो हरामखोर वळसा घेऊन तिथेही आधीच जाऊन बसला होता.

गावाने लगेच निवाडा करून टाकला. वरची सहा घरं सडकेकडे, आमची आठ नाल्याकडे. छोटे मालगुजार म्हणाले, “जसं होतं तसं राहू द्या. त्याईले नाल्याची सवय हाय.”

हे छोटे मालगुजार म्हणजे जुन्या मालगुजाराचे, गावाच्या जमीनदाराचे, पुतणे. मालगुजारी जाऊन इतकी वर्षं झाली, पण त्यांच्या मिशीला अजून कोणी कळवलेलं नाही. त्यांचं किराणा दुकान सडकेत गेलं होतं. त्यांना सडकेवरची जागा हवी होती.

आणि माझ्या दादालाही हवी होती.

दादा शिंपी होता. सातवी पास. मोहल्ल्यात एकच शिलाई मशीन, ती त्याची. त्याने वहिनीलाही शिवण शिकवलं होतं. त्याचं म्हणणं साधं होतं, सडकेवर मशीन मांडायची, मोटारीतून उतरणाऱ्या माणसाला दिसली पाहिजे. गावाचा निवाडा ऐकून त्याने घरी येऊन अर्ज लिहिला आणि सायकलने बालाघाटला गेला. एकदा नाही, तीनदा. मागणी एवढीच, की चौदाही घरांच्या चिठ्ठ्या एकत्र टाका.

मागणी मंजूर झाल्याचा हुकूम आला मंगळवारी. दादा त्याच्या आधीच्या शुक्रवारी तापाने गेला.

मला कोणाचा राग आला, ते विचारू नका. पोस्टमनचासुद्धा आला.

त्यानंतर दीड महिना मी त्या प्लॉटांकडे फिरकलो नाही. दादा रोज संध्याकाळी तिथे जाऊन पावलांनी जमीन मोजायचा. ती जागा मला पाहवेना. सगळे जाऊन पाहून आले, नकाशा शाळेच्या भिंतीवर लागला. मी काही पाहिलं नाही. मला एकच माहीत, दादाच्या घराला गावात पहिली जागा मिळवून द्यायची.

चिठ्ठ्यांचा दिवस उजाडला. शाळेच्या ओसरीत नायब तहसीलदार साहेब, बाजूला पटवारी. चिठ्ठ्या कशात टाकल्या म्हणता? शाळेच्या पिण्याच्या पाण्याच्या हंड्यात! लहानपणी त्याच हंड्याला हात लावला म्हणून मास्तरने माझ्या पाठीवर छडी मोडली होती आणि मी तिसरीतच शाळेला रामराम ठोकला होता. आज सरकार म्हणत होतं, घाला हात.

मी म्हटलं, “आमची चिठ्ठी वैनी काढन.”

छोटे मालगुजार कुजबुजले, “पांढऱ्या कपाळाची बाई? सकाळी सकाळी?”

“हौ! तुमाले पाहावत नसन तर डोळे मिटा!” मी ओरडलो. तोंडाळ मी पहिल्यापासूनच आहे.

आमच्या शेजारच्या बुधराम काकांचा तेरा नंबर निघाला. म्हातारा दोन्ही हात वर करून ओसरीत नाचायला लागला. मला वाटलं, सकाळीच मोहाची घेतली असणार. तेरा नंबरवर कोण नाचतं हो?

मग छोट्या मालगुजारांनी चिठ्ठी काढली. पटवाऱ्याने वाचली, “एक.”

त्यांचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं झालं. मी मनात म्हटलं, पाहा नाटक! पहिला नंबर मिळाला आणि हा बदमाश आनंद लपवतो आहे.

शेवटी वहिनीने हंड्यात हात घातला.

“चौदा.”

चौदातला चौदावा! शेपूट! माझ्या कानशिलात आग पेटली. वहिनीकडे पाहिलं, तर ती हसत होती. दीड महिन्यात पहिल्यांदा ती बाई हसली, आणि मला काय वाटावं? दुःखाने हिच्या डोक्यावर परिणाम झाला.

झालं! मी उठलो.

“साहेब, हा घोटाळा हाय! मालगुजाराले पहिला आन् आमाले शेवटचा? हंड्यात हात आमचा गेला, पण नंबर तुमच्याच मनातला निघाला!”

साहेब शांत माणूस. “अरे भाई, तूने नक्शा देखा है?”

“नकाशा कायले पायजे? तुमीच सांगा, एकाच्या आधी काय येते?”

“कुछ नहीं आता.”

“मंग!”

साहेबांनी पटवाऱ्याकडे पाहिलं, पटवाऱ्याने छताकडे. मला वाटलं, जिरवली दोघांची.

वहिनी मागून सदरा ओढू लागली. “भाऊजी, ऐका तर खरं. तुमचे दादा म्हणत...”

“दादा असता तर त्यानं पहिलाच नंबर घेतला असता! तुमी बसा, वैनी. मी हाय ना?”

‘मी हाय ना!’ जगातली निम्मी घरं याच तीन शब्दांनी बुडाली असतील.

साहेब कंटाळून म्हणाले, “दोनों राजी हो तो अदला-बदली कर लो. सही करो और छुट्टी पाओ.”

आता छोट्या मालगुजारांची पाठ एकदम ताठ झाली. एरंडेल उतरलं. छातीवर हात ठेवून म्हणाले, “नाही बाबा. पहिला नंबर कसा देऊ? देवानं देलेला हाय.”

“देवानं चुकून देला असन! द्या ना मले.”

“मन होत नाही रे.”

मी हात जोडले. आणि तोंडातून निघालं, “द्या ना, मालक!”

हा शब्द दादाने आमच्या घरात बंद केला होता. गावात कोणालाच मालक म्हणायचं नाही, असा त्याचा कायदा. तो मी मोडला, भर सभेत, दोन्ही हात जोडून.

मालक विरघळले. “बरं, तू इतकं म्हणतं तर... पण वर काय देशीन?”

“काय पायजे?”

“तुया घरी तो लाल कोंबडा हाय म्हणते.”

धावत घरी गेलो, कोंबडा काखेत मारून आणला. कोंबडा सारखा ओरडत होता. त्या सभेत अक्कल फक्त त्यालाच होती.

बुधराम काका आडवे आले. “अरे पोरा, काहून असं करून राह्यला? थांब ना जरासा!”

“काका, तुमी नाचा!” मी म्हटलं.

पटवाऱ्याने कागद पुढे केला. माझी सही दादाने शिकवलेली आहे. तो म्हणायचा, अंगठा लावायचा नाही. अंगठा म्हणजे न वाचता हो म्हणणं. म्हणून मी अंगठा लावला नाही. ऐटीत सही केली. न वाचता.

दुपारी पटवारी सगळ्यांना जागा दाखवायला निघाला. मी सगळ्यांच्या पुढे! खांद्यावर बांबूची खुंटी, हातात धोंडा. सडकेला लागून जो पहिला प्लॉट दिसला, त्यात शिरलो आणि खुंटी ठोकायला सुरुवात केली. काय जागा होती म्हणून सांगू! समोर सडक, बाजूला मोटार थांबायचं मोहाचं झाड. खुंटी ठोकून मी भाषणही केलं.

“पाहा! ज्याईले तुमी नाल्यात ठेवलं होतं, थे आज सडकेवर आले! इथं माह्या दादाची मशीन बसन!”

कोणी टाळी वाजवली नाही. मला वाटलं, जळाले.

पटवारी जवळ आला, हळूच म्हणाला, “खुंटी काढ.”

“काहून?”

“हा चौदा नंबर हाय.”

“मंग एक नंबर कुठं हाय?”

त्याने हात लांब केला. पार खाली. नाल्याकडे.

“हद्दीचा दगड नाल्यापाशी हाय ना,” तो म्हणाला. “तिथूनच जरीब धरली. मोजणी जिथून सुरू, नंबर तिथून सुरू. नकाशात लिहिलंच हाय.”

जरीब म्हणजे मोजणीची साखळी. गळ्याला बांधायला तीही चालली असती. खुंटी मी अशी खोल ठोकली होती, की उपटायला बुधराम काकांना बोलवावं लागलं.

“मी तेरावाला नाचून राह्यलो होतो,” काका दात ओठ खात म्हणाले, “थे तुले दिसलं नाई काय रे, भोपळ्या?”

मी छोट्या मालगुजारांकडे गेलो. “मालक, मले समजलं नव्हतं...”

“अरे, तूच त हात जोडले!” ते म्हणाले. मिशीखाली कोंबड्याचा रस्सा आधीच शिजत असावा. “मी त नाहीच म्हणत होतो. विचार सगळ्याईले.”

साहेबांकडे गेलो. साहेबांनी कागद दाखवला. “सही किसकी है?”

दादाने शिकवलेली. सुंदर सही होती.

मग मी खुंटी खांद्यावर घेऊन ओळीने खाली निघालो. तेरा. बारा. अकरा. प्रत्येक प्लॉटवर माणसं उभी होती आणि त्या सगळ्यांदेखत मी सकाळी ‘घोटाळा’ म्हणून ओरडलो होतो. आठ. सात. उजळणी माझी कधीच पाठ झाली नव्हती. त्या दिवशी उलटी पाठ झाली. तीन. दोन. एक. पुढे बेडूक.

वहिनी मागून चालत आली होती. मी म्हटलं, “वैनी, तुमी तेव्हा काय सांगून राह्यल्या होत्या?”

“तुमचे दादा म्हणत,” ती म्हणाली, “चौदा आला त समजजो, जिंकलो.”

एवढंच म्हणाली. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. मग माझ्या हातातली खुंटी घेऊन तिने स्वतःच ती एक नंबरच्या चिखलात रोवली.

आता मशीन नाल्याकडे तोंड करून बसली आहे. मोटारीतून उतरणाऱ्या माणसाला ती दिसत नाही, आणि बेडकांना कपडे लागत नाहीत. वहिनी गावात दारोदार फिरून शिवणाचं काम गोळा करते आणि मी मागे गाठोडं उचलून चालतो. रस्सा काही झाला नाही. मालगुजारांनी कोंबडा पाळला. रोज पहाटे तो चौदा नंबरवरून, भर सडकेवरून बांग देतो आणि मला उठवतो.

मी खाटेवर पडल्या पडल्या हिशेब करतो. आमच्या सात पिढ्यांना नाल्याकाठी ठेवायला अख्खं गाव लागलं होतं. आठव्या पिढीचं काम मी एकट्याने केलं. हात जोडून, सही करून. आणि वर कोंबडा दिला.