कौसल्याच्या कानशिलावरचा चटका

बायांनो, आज माझं डोकं फिरलंय, म्हणून लिहायला बसले.

माझी धाकटी जाऊ कौसल्या सकाळपासून कपाळ धरून बसली होती. घरची माणसं कापसाच्या बैलगाड्या घेऊन मंगरूळपीरला गेलेली. ती येऊन जेवत नाहीत तोवर बायांनी घास घ्यायचा नाही, ही आमच्या घरची रीत. दुपार कलली तरी गाड्यांचा पत्ता नव्हता.

सासूबाई म्हणाल्या, "नजर लागली हिले." लगेच बिब्बा तापवला आणि तिच्या कानशिलावर चटका दिला.

माझं माहेर वैद्याचं. अर्धशिशीत एकच बाजू ठणकते, सर्दीनं कपाळ जड होतं, चुलीच्या धुरानं डोळ्यांच्या मागं दुखतं, उन्हाचं दुखणं सावलीत बसलं की कमी होतं, एवढं मला कळतं. यातलं एकही तिला नव्हतं.

मी हळूच विचारलं, "काल राती जेवली होती का?"

"नाई बाई. भाकर उरलीच नव्हती."

मी तिला आतल्या खोलीत नेलं आणि भाकर-पिठलं खाऊ घातलं. थोड्या वेळानं ती उठून पाण्याला गेली.

तर सासूबाई शेजारणीला सांगून राहिल्या, "पाह्य, बिब्ब्यानं कसं उतरलं."

परवा माझ्या नवऱ्याचं डोकं दुखलं, तेव्हा याच सासूबाईंनी बिब्बा काढला नव्हता. आधी विचारलं होतं, "जेवला का रे?"

तुमच्या घरी सुनेला हे कोणी विचारतं का?