श्वासाला मारलेली पाचर

"मिस्त्रींना सुख मानवलेलं दिसतंय," असे गल्लीत बोलले जाई. गाल भरले होते, चेहरा गोल झाला होता, पोट सदऱ्यात मावत नव्हते. मिस्त्री नुसते हसत. ते बाळसे नव्हे, गोळ्यांची सूज आहे, हे फक्त त्यांच्या बायकोला ठाऊक होते.

लाकडाच्या भुशाने त्यांना दमा जडला होता. डॉक्टरांनी रोज ओढायला पंप दिला आणि एकदा दमा फार उसळला तेव्हा पाच दिवसांपुरत्या स्टेरॉइडच्या गोळ्या दिल्या. छाती अशी मोकळी झाली की मिस्त्रींनी पंप फडताळात टाकला आणि रिकामे पाकीट दाखवून ते औषधांच्या दुकानातून त्याच गोळ्या आणू लागले.

"तो पंप काय शोभेला ठेवलाय?" बायको विचारी.

"पंप ओढणाऱ्या सुताराला काम कोण देतं? गोळी गिळली तर कोणाच्या बापाला कळत नाही."

ढिल्या चौकटीला पाचर मारावी, तशी त्यांनी दीड वर्ष श्वासाला गोळी मारली. मग मेहुण्याने सांगितले, या गोळ्यांनी हाडे पोखरतात. मिस्त्री धास्तावले. पाचर एका ठोक्यात काढावी, तशी त्यांनी गोळी एका दिवसात बंद केली. त्याच आठवड्यात एका गिऱ्हाइकाकडे कपाटाचे दार बसवताना त्यांना उलट्या झाल्या, भोवळ आली आणि ते पाठीवर कोसळले. मणका चेपला.

डॉक्टर रागावले असते तर बरे झाले असते. ते शांतपणे म्हणाले, "गोळी वाईट नाही, मिस्त्री. पण आम्ही सांगू तितकीच, तितकेच दिवस. इतके महिने बाहेरून मिळत राहिली, म्हणून शरीर स्वतःचं स्टेरॉइड बनवायचं विसरलं. आता ती एकदम सोडायची नाही. आम्ही सांगू तशी हळूहळू कमी करायची. आणि पंप रोज."

"आणि काम?"

"हाडं ठिसूळ झालीत. वजन उचलायचं नाही."

"किती दिवस?"

डॉक्टर औषधांची चिठ्ठी लिहू लागले.

आता मिस्त्री पंप न चुकता ओढतात. श्वास सुरळीत चालतो; ज्यासाठी तो हवा होता, ते काम तेवढे गेले. परवा बायको म्हणाली, "अहो, रंध्याला तेल लावून ठेवलंय. जरा उभे राहायला लागलात की..."

"उभं राहून काय करू? पातं गंजायच्या आत विकून टाक."